लेण्यांचे लेखन जपणारा संशोधक : डॉ. जेम्स बर्जेस

नाशिक, कार्ले, जुन्नर आणि कान्हेरी येथील शिलालेखांच्या आधारे सातवाहनकालीन महाराष्ट्राचा इतिहास आज सांगितला जातो. परंतु हे लेख कड्यावरून कागदावर कोणी आणले, असा प्रश्न क्वचितच विचारला जातो. हे कार्य ज्यांनी नेटाने केले, त्यांत स्कॉटिश पुरातत्त्वज्ञ डॉ. जेम्स बर्जेस यांचे नाव अग्रभागी आहे.

बर्जेस यांचा जन्म १८३२ साली स्कॉटलंडमधील कर्कमाहो येथे झाला. १८५५ मध्ये ते गणिताचे अध्यापक म्हणून कलकत्त्यास आले आणि १८६१ मध्ये मुंबईतील एका पारशी शिक्षणसंस्थेचे प्रमुख झाले. शिक्षकी पेशा सांभाळूनच त्यांनी प्राचीन वास्तूंचा अभ्यास आरंभिला. घारापुरीच्या लेण्यांवरील त्यांचा ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. गणितज्ञाचा काटेकोरपणा त्यांनी पुरातत्त्वात आणला : आधी मोजमाप, नकाशा आणि लेखाचा ठसा, अनुमान त्यानंतर.

१८७२ मध्ये त्यांनी मुंबईत ‘इंडियन अँटिक्वरी’ हे नियतकालिक सुरू केले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे लेखन त्यात युरोपीय विद्वानांच्या बरोबरीने प्रसिद्ध झाले. पुढे पश्चिम भारताच्या पुरातत्त्वीय सर्वेक्षणाची धुरा बर्जेस यांच्याकडे आली. १८८० मध्ये जेम्स फर्ग्युसन या दुसऱ्या स्कॉटिश अभ्यासकासह त्यांनी भारतातील लेण्यांवर बृहद्‌ग्रंथ सिद्ध केला. लेण्यांतील लेखांचा संग्रह १८८१ मध्ये निघाला, तेव्हा त्यावर बर्जेस यांच्या जोडीने भगवानलालांचेही नाव छापले गेले. प्राचीन लिपी वाचणाऱ्या या भारतीय पंडिताच्या साहाय्यावाचून ते कार्य पुरे झाले नसते.

अशा नोंदींचे मोल अजिंठ्याच्या उदाहरणावरून कळते. मेजर रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतील बऱ्याचशा १८८५ मध्ये लंडनमध्येच अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. इकडे मूळ चित्रेही झडत होती. अशा स्थितीत बर्जेस यांनी १८७९ मध्ये छापलेली अजिंठ्याची टिपणे अनेक हाती पोहोचली आणि टिकली.

१८८६ मध्ये ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. शिलालेखांना वाहिलेली ‘एपिग्राफिया इंडिका’ ही मालिकाही त्यांनीच सुरू केली. १८८९ मध्ये ते निवृत्त झाले, आणि त्यानंतर महासंचालकाचे पद १९०२ पर्यंत रिकामेच राहिले. मायदेशी परतल्यावरही त्यांचे काम थांबले नाही. फर्ग्युसन यांच्या वास्तुकलेच्या इतिहासाची सुधारित आवृत्ती १९१० मध्ये निघाली. तिच्यातील भारतविषयक भाग वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बर्जेस यांनी तपासून दिला होता. १९१६ मध्ये एडिंबरो येथे त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्राच्या गावोगावी आजही वीरगळ, शिलालेख आणि पडकी देवळे ऊन-पावसात उभी आहेत. त्यांवर शेंदूर वा तैलरंग चढला की अक्षरे बुजतात. शाळेतील शिक्षकांनी आणि ग्रामस्थांनी त्यांची छायाचित्रे घ्यावीत, लांबी-रुंदी मोजून ठेवावी आणि पुरातत्त्व विभागास कळवावे. एका परदेशी गणित-शिक्षकाने जे परक्या मुलखात केले, ते आपल्या शिवारात करणे आपणास अशक्य नाही.