महानौकेवरील सात दिवस
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



चिटणीसांच्या आज्ञेवरून महानौकेवरील वास्तव्याचा वृत्तान्त सांगण्यास उभा आहे. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने मालवणास जाताना डेकवर वळकटी पसरावयाची, पोटातील ढवळणे सोसावयाचे आणि किनारा येताच पडावात उतरावयाचे, एवढीच माझी समुद्राशी ओळख. माझे चुलत आजोबा शिक्षणासाठी विलायतेस गेले, तेव्हा परतल्यावर त्यांस प्रायश्चित्त घ्यावे लागले होते. बौधायन धर्मसूत्राने समुद्रगमनाची गणना पतनास कारण होणाऱ्या कर्मांत केली आहे ना! त्यांच्याच घरातील नातवाने निव्वळ मौजेसाठी समुद्रावर जावे, हा काळाचा महिमा होय.

मुलगा अमेरिकेत असतो. त्याने मला व सौभाग्यवतीस मायामी बंदरातून ‘आयकॉन ऑफ द सीज’ या नौकेवर नेले. जानेवारी २०२४ मध्ये तिची पहिली सफर झाली. लांबी सुमारे ३६५ मीटर, मजले २०, उतारू ७,६०० पर्यंत आणि सेवकवर्ग २,३५०! तिच्यावर पोहण्याचे तलाव सात, नाट्यगृह आहे, खऱ्या झाडांची बागही आहे. पिण्याचे पाणी समुद्राच्याच पाण्यातून तयार करता येते.

पहिले दोन दिवस मी अधाशासारखा सर्व काही पाहत सुटलो. पाय दुखले, जेवण अतिरेकी झाले आणि मन मात्र रिकामेच राहिले. तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, “अहो, पंगतीत बसलो म्हणजे सगळेच पदार्थ पानात घ्यावयाचे असतात का?” त्या एका वाक्याने माझी सफर सुधारली. तिसऱ्या दिवसापासून आम्ही पहाटे डेकवर बसू लागलो. चोहीकडे पाणी, वर उजळणारे आकाश आणि कोठेही पोहोचण्याची घाई नाही! चाळीस वर्षांच्या नोकरीत न लाभलेली निवांत पहाट तेथे लाभली.

नौका सुटण्यापूर्वी प्रत्येक उतारूस संकटकाळी जमण्याच्या ठिकाणी हजर व्हावे लागते. सात आखूड व एक लांब भोंगा ही धोक्याची खूण. काही जण कुरकुरत होते; परंतु १९१२ च्या ‘टायटॅनिक’ दुर्घटनेनंतरच सागरी सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय नियम आखले गेले, हे ध्यानी घेतले म्हणजे ती दहा मिनिटे जड वाटत नाहीत.

आमच्या टेबलावरील वाढपी मडगावचा निघाला. गोवेकरांची जहाजावरील चाकरी जुनी. मुंबईतील त्यांचे ‘कूड’ अशा दर्यावर्दींच्याच निवाऱ्यासाठी उभे राहिले. आमचे मराठी ऐकताच त्याचा चेहरा फुलला. एके रात्री त्याने फोनवर लेकीचे छायाचित्र दाखविले. “काका, पाच महिन्यांची झाली. अजून हातात घेतलेली नाही. करार संपायला दोन महिने आहेत,” असे म्हणून त्याने हसतमुखाने पुढचे ताट उचलले. त्या क्षणी आमच्या सुखाची खरी किंमत कोण मोजतो, ते कळले.

बंधुभगिनींनो, जमल्यास अशी सफर अवश्य करा. थोडे पाहा, पुष्कळ बसा, आणि वाढणाऱ्याचे नाव विचारा. आपल्या ज्ञातीतीलही कित्येक तरुण आज जहाजांवर आहेत. समुद्र ओलांडणाऱ्यास एके काळी आपण प्रायश्चित्त दिले. आता त्यांच्या मागे राहिलेल्या घरांची सणासुदीस विचारपूस करणे, हे आपले प्रायश्चित्त ठरो, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.