कणा मोडल्यावर



कापसाच्या भावावर पुष्कळ बोलून झालं. आता कापसाच्या गाडीवरून पडणाऱ्या माणसाबद्दल. आम्ही शेतकी पदवीवाले, डॉक्टर नव्हे. पण आपला एक कार्यकर्ता भरल्या गाडीवरून पडला आणि आम्ही चौघांनी त्याला हातपाय धरून उचललं, तेव्हापासून हे शिकणं भाग पडलं.

मार कुठल्या मणक्याला बसला आणि आतला मज्जारज्जू पुरता गेला की थोडा शाबूत आहे, यावर पुढची तब्येत ठरते. मानेत बसला तर चारही हातपाय जातात. फार वर असला तर श्वाससुद्धा. पाठीत, कमरेत बसला तर हात राहतात. गुदाजवळ थोडी जरी जाणीव उरली असेल, तर सुधारण्याची आशा जास्त. ही उरलेली आशा आपण उचलताना मोडू शकतो! मान-पाठ एका रेषेत धरा, खाली फळी सरकवा.

पुढं जीव जातो तो बहुधा बाजेवरच्या जखमांनी, नाहीतर लघवी तुंबून मूत्रपिंडं बिघडल्यानं. १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडव्हिलला डॉ. लुडविग गुटमान यांनी दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नेम कडक पाळला, आणि मरतील असं धरलेली माणसं जगली.

आपल्या कार्यकर्त्याची कूस त्याची बायको बदलते. रात्रभर उठते, सकाळी वेचणीला जाते. शनिवारपासून आपण रात्रीची पाळी लावतो आहोत. सभा संपल्यावर नावं द्या.