मॉरिशसचा ऊस आणि आपला कोयता
(ऊसतोडीस जाणाऱ्या मंडळींपुढे एका शिक्षकाने केलेले भाषण)



दसरा झाला. आता मुखेड, कंधार, जळकोटच्या वाड्यातांड्यांवर मुकादमांच्या फेऱ्या सुरू होतील. त्याआधी उसाच्याच एका मुलखातील घराण्यांची हकीगत आपल्या कानी घालावी, म्हणून उभा आहे.

हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे बेट आहे. १७१५ साली ते फ्रेंचांनी घेतले आणि मादागास्कर, मोझांबिक येथून माणसे जहाजांत कोंबून आणली. १७२३ च्या त्यांच्या कायद्याने असा माणूस मालकाची जंगम मालमत्ता ठरला. १८१० साली इंग्रज आले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी उठली. आता न्याय पाहा! इंग्रज सरकारने आपल्या साऱ्या वसाहतींतील मालकांस दोन कोटी पौंड भरपाई दिली, आणि ज्यांच्या पाठी फुटल्या त्यांस छदामही नाही. उलट त्यांस उमेदवार म्हणून आणखी चार वर्षे राबविले. जोतीरावांनी १८७३ सालचे 'गुलामगिरी' पुस्तक अमेरिकेत गुलाम मुक्त करणाऱ्यांस अर्पण केले, ते काही उगीच नव्हे.

सुटलेले गुलाम मळ्यावर थांबेनात. मग हिंदुस्थानातून गिरमिट लिहून मजूर नेले, सुमारे साडेचार लाख. त्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची मराठी कुळेही होती. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, वर शिधा. आणि एक दिवस गैरहजर राहिला की दोन दिवसांचा पगार कापायचा. आपण ज्याला खाडा म्हणतो तो हाच. नाव तेवढे निराळे.

गडी उतरला की वहीत नंबर, नाव, बापाचे नाव, जात, गाव, उंची, अंगावरची खूण. पुढे मुलांना बापाचे पाळण्यातले नावच आडनाव म्हणून लागले आणि घरचे आडनाव बुडाले. पण मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या वह्या आजही आहेत. पणतू-खापरपणतू तेथे जाऊन नंबरावरून आपले गाव शोधतात. माणूस पळू नये म्हणून लिहिलेली वही वंशावळ होऊन बसली! आफ्रिकेतून आणलेल्यांची मूळ नावे मात्र मालकांनीच पुसली. त्यांच्या लेकरांनी कोठे शोधावे?

तेलंगणातील भगेला पद्धतीवर निजाम सरकारने १९३६ साली कायदा केला. १९७६ च्या कायद्याने तर कर्जापोटी माणूस बांधून ठेवणे साऱ्या देशात गुन्हा ठरले. तरी उचल फिटली की राहिली, हे मुकादमाच्या वहीवरच ठरते. तिकडे बाईलाही स्वतःचा नंबर होता. येथे नवराबायको मिळून एक कोयता, आणि तिचे नाव कोठेच नाही.

यंदा उचल घेताना आकडा, तारीख व दोघांची नावे आपल्याही वहीत उतरवा, खाली मुकादमाची सही घ्या. ज्यांस लिहिता येत नाही त्यांनी रविवारी सकाळी शाळेच्या ओसरीवर यावे. बायकांनीही यावे. कोऱ्या वह्या आणून ठेवल्या आहेत.