बाहेरचा माणूस

आमच्या रेणापुरात चहाच्या टपरीवर गाझाची गोष्ट निघाली, की दोन घोटांत ती एकाच प्रश्नावर येते. त्यांच्या जमिनीच्या भांडणात बाहेरच्यांनी पडावं का? एक म्हणतो, अमेरिकेनं हात काढला तर उद्या भांडण मिटेल. दुसरा म्हणतो, हात काढला तर भांडायलाही कुणी उरणार नाही. मी बहुधा गप्प असतो. माझं नाव ऐकूनच माझं मत काय असणार, हे लोकांनी ठरवलेलं असतं. आज बोलतो, कारण हा प्रश्न आमच्या गावावरून एकदा गेलेला आहे.

१९४८ साली रेणापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. देश स्वतंत्र झाला होता, आम्ही नव्हतो. निजामाचे सल्लागार सर वॉल्टर मॉन्क्टन हे इंग्रज वकील. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानं भरून चोरून शस्त्रं आणी. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी बाहेरचा म्हणावा, तर तो लातुरात वकिली करणारा! निजाम सरकारची तक्रार संयुक्त राष्ट्रांकडे गेली आणि १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेपुढे आली. भारतीय फौजा तेराव्या तारखेलाच संस्थानात शिरल्या होत्या. १७ तारखेला, शुक्रवारी, निजामानं शरणागती जाहीर केली.

त्याच शुक्रवारी जेरुसलेममध्ये एका बाहेरच्या माणसाला भर रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. काउंट फोक बर्नाडोट, स्वीडनचे. महायुद्धाच्या शेवटी त्यांनी नाझी छावण्यांतून हजारो कैदी सोडवून आणले होते, त्यांत ज्यूही होते. पॅलेस्टाईनमध्ये ते संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ होते. परागंदा झालेल्या अरबांना घरी परतण्याचा हक्क असावा, असं त्यांनी लिहून दिलं होतं. 'लेही' या ज्यू अतिरेकी गटानं त्यांना मारलं. त्याआधी, नोव्हेंबर १९४७ मध्ये, त्या भूमीच्या फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी झाला होता. मतं देणाऱ्यांपैकी बहुतेकांचं तिथं वीतभर शेत नव्हतं. भारतानं विरोधात मत दिलं होतं.

तेव्हा बाहेरचे सगळे सारखे, हे मला पटत नाही. शस्त्रं उतरवणारा कॉटन निघून गेला. शिक्षा भोगून रझवी १९५७ साली पाकिस्तानात गेला. इथं राहिली ती गावं. रझाकारांनी हिंदूंवर अत्याचार केले होते. त्याचा सूड मग ज्यांनी बंदूक पाहिलीही नव्हती अशा मुसलमानांवर उगवला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. तो अहवाल कित्येक वर्षं दडलेलाच होता. दर १७ सप्टेंबरला मी मुक्तिदिनाच्या झेंड्याला सलाम करतो, मनापासून करतो. पण त्या रात्री घरात हे आकडेही आठवतात.

गाझात २०२३ च्या ऑक्टोबरपासून जे झालं, त्यात बाँब बाहेरून आले, पिठाची पोतीही बाहेरूनच आली. बाहेरच्यांनी पडू नये, असं मी म्हणूच शकत नाही. पण टपरीवर मी एवढंच विचारतो, की येणारा काय घेऊन येतो आणि नंतर तिथं किती दिवस थांबतो?

आमची दादी त्या दिवसांत शेजारच्या मराठा कुटुंबाच्या बळदात लपली होती, पोटाशी दोन लेकरं घेऊन. त्या घरची म्हातारी रात्री भाकरी सोडायची, वरून हळूच विचारायची, "पोरं झोपली का गं?" दादी घरी परतली तेव्हा दाराला कडी उरली नव्हती. जातं मात्र जागेवर होतं. त्यावर तिनं पहिल्यांदा दळली, ती त्याच बळदातली ज्वारी.