रुग्णाशी बोलण्याचे शिक्षण



मी डॉक्टर नव्हे, शाळामास्तर. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, याला कारण माझे मामू. पोटाच्या कर्करोगाने ते खाटेवर होते. तरुण डॉक्टरांनी दाराशी उभ्याउभ्याच मला सांगितले, "आता घरी न्या." मामूंनी ते आतून ऐकले. रात्री म्हणाले, "बेटा, माझीच खबर, आणि मला सोडून सर्वांना!"

डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांना हे कोणी शिकविलेच नव्हते. एम. बी. बी. एस.च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांचे रीतसर शिक्षण २०१९ पासून आले. बेल, बकमन प्रभृती तज्ज्ञांनी २००० साली अशा संभाषणाच्या सहा पायऱ्या मांडल्या. त्यांतली तिसरी मला फार मोलाची वाटते: सांगण्यापूर्वी विचारावे, "तुम्हाला कितपत जाणून घ्यायचे आहे?" कोणी म्हणेल, "मुलाला सांगा." तेही मान्य करावे.

हे व्याख्यानाने येत नाही. बी. एड.ला आम्ही सराव-पाठ घेत असू, तसेच हे आहे. एकाने रुग्ण व्हावे, एकाने डॉक्टर, बाकीच्यांनी पाहून चुका सांगाव्यात. त्यात परिचारिका आणि आयाही हव्यात, कारण रात्री रुग्णाजवळ त्याच असतात. आपल्या लिंबायत-उधन्यात तर रुग्ण अहिराणी बोलणारा, परिचारिका गुजराती. "सारूं छे ने?" म्हटले की बिचारा दुखत असूनही मान हलवतो!

आमचे चार शिक्षक रविवारी रुग्ण व्हायला तयार आहेत. ट्रस्टने एक खोली आणि दोन खाटा द्याव्यात.