अद्भुतकथा आणि इंग्रजी शब्दसंपदा

परक्या भाषेचे व्याकरण अवगत होते, दैनंदिन व्यवहारापुरते शब्दही हाती येतात. तरीही त्या भाषेतील गंभीर ग्रंथ उघडला की वाचक अडखळतो. बंगळूरसारख्या शहरात हा अनुभव विशेष तीव्रतेने येतो. येथील मराठी माणसाच्या घरी मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत इंग्रजी असा त्रिविध व्यवहार चालतो. बेळगाव, सोलापूर वा लातूरकडून मातृभाषेच्या माध्यमातून शिकून आलेला तरुण आपल्या विषयात पारंगत असतो. पण चर्चेत त्याला शब्द अपुरे पडतात. शब्द अपुरे पडले म्हणजे बुद्धीच अपुरी, असा समज प्रथम इतरांचा आणि हळूहळू त्याचा स्वतःचाही होऊ लागतो. म्हणून शब्दसंपदेचा प्रश्न हा केवळ परीक्षेचा प्रश्न नव्हे. तो सोडविण्यास अद्भुतकथांचे वाचन कितपत साहाय्यभूत होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कठीण शब्दांच्या याद्या पाठ करणे हा रूढ मार्ग. यादीतला शब्द ओळखीचा होतो. परंतु तो कोणत्या शब्दांच्या संगतीत वावरतो हे यादी सांगत नाही. याहून निराळ्या मार्गाचा विचार याच शहरात झाला होता. 1979 ते 1984 या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर व मद्रास परिसरातील काही शाळांत एक प्रयोग केला. बंगळूरची इंग्रजी अध्यापनाची प्रादेशिक संस्था त्यात सहभागी होती. ‘बंगळूर प्रकल्प’ म्हणून तो पुढे जगभर ओळखला गेला. या वर्गांत व्याकरणाचे नियम शिकवीत नसत. मुलांपुढे आगगाडीचे वेळापत्रक किंवा नकाशा ठेवून इंग्रजीतून एखादा प्रश्न सोडवावयास सांगत. लक्ष अर्थावर खिळलेले असताना भाषेची घडण नकळत आत्मसात होते, ही त्यामागील धारणा होती. कथावाचनाशी या प्रयोगाचा थेट संबंध नव्हता. पण उत्तम कथेत रंगलेल्या वाचकाची अवस्था याच प्रकारची असते. पुढे काय झाले, हाच त्याच्यापुढील प्रश्न असतो.

मराठी वाचकाला हे सिद्ध करून दाखविण्याची गरज नाही. ‘चांदोबा’ मासिक वाचून वाढलेल्या पिढ्यांना अमात्य, मृगया, प्रासाद, शिरच्छेद हे शब्द कोणी पाठ करावयास लावले नव्हते. विक्रमाच्या खांद्यावरील वेताळाचे कोडे उलगडावयाचे, म्हणून ते शब्द आपोआप अंगवळणी पडले. देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ वाचता यावी म्हणून अनेकांनी हिंदी शिकून घेतली, अशी नोंद हिंदी साहित्याच्या इतिहासातही आढळते.

अद्भुतकथेतच शब्दांची ही विपुलता का? वास्तववादी लेखकाने ‘बसथांबा’ म्हटले की चित्र पुरे होते. अद्भुतकथाकाराला मात्र संपूर्ण प्रदेश शून्यातून उभा करावा लागतो. डोंगराची धार, नदीचा उतार, अरण्यातील मोकळी जागा आणि भीतीच्या नाना छटा यांची नेमकी नावे त्याला हवी असतात. जे. आर. आर. टॉल्किन हे ऑक्सफर्डला प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यापूर्वी, 1919–20 मध्ये, त्यांनी ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या संपादनात काम केले होते. ‘द हॉबिट’ (1937) आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (1954–55) या त्यांच्या कथांत कोशकाराची ही दृष्टी दिसते. प्रवास लांबत जातो तसतसे रिज, ग्लेड, फोर्ड, ग्लूम हे शब्द निराळ्या प्रसंगी पुनःपुन्हा भेटतात. ड्रॅगन ज्या धनराशीवर पहारा करीत पडतो, तो त्याचा ‘होर्ड’. हे चित्र मनात ठसलेल्या वाचकाला वृत्तपत्रात धान्याच्या साठेबाजीसाठी ‘होर्डिंग’ शब्द आला तर कोश उघडावा लागत नाही.

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटरच्या कथांत लाभ वेगळा आहे. तेथील मंत्र बहुधा लॅटिन धातूंवर बेतलेले आहेत. ‘लुमॉस’ म्हणताच प्रकाश पडतो. ‘ल्युमिनस’ आणि ‘इल्युमिनेट’ त्याच कुळातले. यातनांचा मंत्र ‘क्रुशिओ’; ‘एक्सक्रुशिएटिंग’ म्हणजे असह्य वेदना देणारे. उपसर्ग व धातू यांवरून संस्कृत शब्द उलगडण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही युक्ती परकी वाटू नये.

यास संशोधनाचाही काही आधार आहे. अँथनी बर्जेस यांच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ (1962) या कल्पित भविष्यकाळाच्या कादंबरीत मुख्यतः रशियनवरून घडविलेले शब्द विखुरलेले आहेत. सरागी, नेशन व माइस्टर यांनी 1978 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाचकांना ती शब्दार्थांच्या यादीविना वाचावयास दिली. नंतर 90 शब्दांची अनपेक्षित परीक्षा घेतली, तेव्हा सरासरी 76 टक्के शब्दांचे अर्थ त्यांना सांगता आले. मात्र त्या वाचकांना उरलेले सर्व इंग्रजी येत होते, हे विसरता कामा नये. पॉल नेशन यांच्या 2006 मधील प्रतिपादनानुसार, मदतीवाचून वाचावयाचे तर मजकुरातील सुमारे 98 टक्के शब्द परिचित असावे लागतात. तीनशे शब्दांच्या पानात सहा अपरिचित शब्द चालतील. तीस आले तर ते वाचन न राहता खोदकाम होते. अशा वेळी ग्रंथ बाजूला ठेवून सोपा घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

या मार्गात धोकेही आहेत. ‘बिहोल्ड’, ‘यॉन्डर’, ‘दाऊ’ हे शब्द राजसभेत शोभतात. रजेच्या अर्जात ते हास्यास्पद ठरतात. ‘क्विडिच’सारखे शब्द तर लेखकानेच निर्मिलेले. संदर्भावरून बांधलेला तर्कही कधी फसतो: रस्त्यावरील जाहिरातीच्या ‘होर्डिंग’चा ड्रॅगनच्या ‘होर्ड’शी काहीही संबंध नाही, त्याचे मूळ कुंपणवाचक फ्रेंच शब्दात आहे. म्हणून कोशाला पर्याय नाही. फक्त त्याची पाळी नंतरची. प्रकरण न थांबता वाचावे, पुनःपुन्हा आडवे येणारे शब्द पेन्सिलीने खुणावावेत, प्रकरण संपल्यावर कोश पाहावा आणि शब्द त्याच्या वाक्यासह वहीत उतरवावा. तोच शब्द एखाद्या अग्रलेखात किंवा निबंधात पुन्हा भेटला, तर तो आजच्या व्यवहारात चालतो, असे समजावे. यासाठी मोठा खर्चही नको. बंगळूरच्या चर्च स्ट्रीटवरील दुकानांत जुनी इंग्रजी पुस्तके कमी किमतीत मिळतात.

अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (1968) या कादंबरीत ज्याला वस्तूचे खरे नाव ठाऊक, त्याचीच तिच्यावर सत्ता चालते. भाषेच्या व्यवहारातही बरेचसे असेच घडते. ज्या तरुणाला आपल्या शंकेचे, मतभेदाचे आणि कल्पनेचे नेमके नाव सांगता येते, त्याला सभेत मागच्या बाकावर बसून राहण्याचे कारण उरत नाही.