विधानसभेतील तेवीस वर्षे



कांग नदीच्या काठी वसलेल्या या जामनेर गावी भरलेल्या वकिलांच्या परिषदेचे अध्यक्षपद आपण मजसारख्या, सारी हयात दिवाणी दाव्यांच्या तारखा टिपून घेण्यात घालविलेल्या माणसास दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावे असा शिरस्ता आहे खरा; परंतु भवितव्याचा निकाल आपल्या कोर्टातल्याप्रमाणेच पुढील तारखेवर गेलेला असल्यामुळे, मी आज मागील एका कारकिर्दीविषयी बोलणार आहे.

प्रतिभाताई पाटील यांचे नाव निघाले की आपल्या जिल्ह्यातील माणसाची मान ताठ होते आणि २५ जुलै २००७ चा शपथविधी त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. माझी तक्रार नेमकी तीच आहे. राष्ट्रपतिपदाच्या पाच वर्षांच्या प्रभेत विधानसभेतील तेवीस वर्षे लुप्त झाली, आणि त्या तेवीस वर्षांच्या मागे जळगावच्या जिल्हा न्यायालयातील जो अल्पसा काळ होता, त्याची तर वकिलांनाही आठवण उरली नाही.

इथून फारशा दूर नसलेल्या बोदवडजवळच्या नाडगावी १९३४ साली जन्मलेली ही मुलगी जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयातून एम.ए. झाली, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाली आणि सनद घेऊन जळगावास परत आली. मुंबईत शिकलेला कायदा कलमांपासून सुरू होतो. जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यातला कायदा धोतराच्या सोग्यात बांधून आणलेल्या, घामाने मऊ पडलेल्या सातबाऱ्याच्या उताऱ्यापासून सुरू होतो. मी स्वतः उमेदवारी करीत असताना एका शेतकरी कुटुंबाचे हक्कसोडपत्र लिहून दिले होते. बहिणीने अंगठा उठविला, शाईचे बोट पदराला पुसले आणि मला विचारले, ‘‘दादा, यात काय लिव्हलंय?’’ तिचे भाऊ घाईत होते, आणि मीही. १९५६ च्या वारसा कायद्याने वडिलांच्या मिळकतीत तिला जो हिस्सा दिला होता, तो तिने माझ्याच अक्षरात सोडून दिला, आणि हे तिला सांगण्याचे कर्तव्य माझ्याकडून घडले नाही. कायदा करणाऱ्याचा हेतू आणि कायद्याचा अंमल यांमधले अंतर मी त्या पुसलेल्या शाईवरून मोजतो. वकिलीतून सभागृहात जाणाऱ्याने बरोबर न्यावयाची खरी शिदोरी हीच, असे माझे मत आहे.

१९६२ साली, महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत, प्रतिभाताई अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून विधानसभेवर गेल्या. पुढे एदलाबादच्या, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरच्या, मतदारांनी त्यांना १९६७ पासून सलग चार वेळा निवडून दिले. आरोग्य, दारूबंदी, समाजकल्याण, शिक्षण अशी खाती त्यांनी सांभाळली. त्या खात्यांची जंत्री वाचून मी आपला वेळ घेत नाही. माझे लक्ष वेधते ते जुलै १९७९ ते फेब्रुवारी १९८० या अवघ्या काही महिन्यांकडे. काँग्रेस दुभंगली, राज्यात पुलोदचे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचे, सरकार होते, आणि इंदिरा गांधींच्या बाजूस राहिलेल्या प्रतिभाताई विरोधी पक्षनेत्या झाल्या. मंत्र्याच्या टेबलावर सचिवांनी तयार केलेली टिप्पणी येते. विरोधी पक्षनेत्याला आपली फिर्याद आपणच लिहावी लागते, पुरावा आपणच गोळा करावा लागतो आणि सरकार नामक प्रतिवादीची उलटतपासणीही आपणच करावी लागते. वकिलाचा पिंड सभागृहात कोठे कामी येत असेल, तर तो तेथेच.

गौरव करताना कैफियतीतील गैरसोयीची कलमे गाळणे आपल्या पेशास शोभणारे नाही. त्यांनी जळगावात पुढाकार घेऊन काढलेल्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ साली रद्द केला, हेही त्याच चरित्रातले पान आहे, आणि सहकाराच्या या जिल्ह्यात ते उलटून पुढे जाता येत नाही.

परंतु २००६ मधील एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. त्या राजस्थानच्या राज्यपाल होत्या, आणि तेथील विधानसभेने मंजूर केलेले धर्मांतरविषयक विधेयक संमतीसाठी त्यांच्यापुढे आले. मूलभूत हक्कांवर त्याचा आघात होतो, या कारणास्तव त्यांनी ते परत पाठविले. विधेयकाच्या बाजूने बोलणारे तेव्हाही पुष्कळ होते, आजही आहेत. मला तो वाद येथे उकरावयाचा नाही. तेवीस वर्षे ज्या व्यक्तीने सभागृहात हात वर करून कायदे केले, तिनेच दुसऱ्या एका सभागृहाचे बहुमत संविधानाच्या कसोटीवर घासून पाहिले, एवढेच मी नोंदवितो.

आता कामकाजाकडे वळतो. परिषदेपुढील पहिला ठराव हक्कसोडपत्राविषयीचा आहे: ज्या बाईचा अंगठा वा सही घ्यावयाची, तिला मजकूर भावांच्या गैरहजेरीत, तिच्या बोलीत, वकिलाने स्वतः वाचून दाखवावा. ठरावाच्या सूचकांनी कृपया व्यासपीठावर यावे.